मोतीलालभाईंच्या मोटारीचे फोड

शहादे, जि. पश्चिम खानदेश
ता. २२ ऑक्टोबर १९३७

ती. भाईदासमामांस सुकलालचा साष्टांग नमस्कार.

अडीच वर्षांत तुम्हाला एक कागद टाकला नाही, आणि आज टाकतोय तो गरजेपोटी. अडला हरी म्हणाल, म्हणा. सुरतेच्या कारखान्यात तुमच्या हाताखाली चार वर्षं मोटारी रंगवल्या आणि भांडून निघून आलो, तेव्हापासून इथं गाड्यांची चाकं, दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या पेट्या असलं काम करतो. पोट भरतं. पण मोटार ती मोटार.

तर भादव्यात एक मोटार आली. लोणखेड्याचे मोतीलालभाई गुजर, शहाद्याला अगदी लागून गाव त्यांचं. त्यांनी शेती धाकट्या भावाकडे दिली, बैलजोडी विकली आणि उन्हाळ्यात एक जुनी मोटार आणली. शहाद्याहून सारंगखेड्यापर्यंत, तापीच्या काठाला, भाड्यानं उतारू नेतात. रंग पार गेला होता. मला म्हणाले, दसऱ्याला नवी करून दे. मी केली. मोरपंखी रंग, कडेला पिवळी रेघ. दसऱ्याला गाडीची पूजा झाली तेव्हा अख्खं लोणखेडं बघायला आलं होतं आणि मी, खोटं कशाला सांगू, छाती काढून उभा होतो.

आठ दिवस कडक ऊन पडलं आणि रंगाला फोड आले. आधी ज्वारीच्या दाण्याएवढे, मग बोराएवढे. गंमत अशी की फोड फक्त पुढे आहेत, बॉनेटवर आणि पुढच्या दोन चाकांवरच्या मडगार्डांवर. दारं, पाठ, मागची मडगार्डं स्वच्छ. उतारू गाडी सुटायची वाट बघताना बोटानं फोड दाबत बसतात. मोतीलालभाईंनी चार माणसांत विचारलं, "सुकलाल, मन्ही गाडीले देवी ऊनी का रे?" सगळे हसले. ते स्वतः हसले नाहीत.

त्यांनी मला दत्तजयंतीपर्यंत मुदत दिली आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत गाडी लावायची आहे. तोवर नीट झाली नाही तर ती धुळ्याच्या रंगाऱ्याकडे जाईल. शहाद्यात आणखी दोन मोटारी आहेत, त्यांचे मालक हिच्याकडेच डोळे लावून आहेत. म्हणजे हे काम गेलं की मोटारींचा रंगारी म्हणून इथं माझं नाव कायमचं पुसलं.

फोड कशानं येतात तेवढं सांगा. मागचं बोलणं मागं ठेवा.

आपला भाचा
सुकलाल


सुरत
ता. २७ ऑक्टोबर १९३७

चि. सुकलाल यास आशीर्वाद.

मागचं मागं ठेवायला माझी ना नाही, पण ते आपल्या पायानं पुढं येतं त्याला मी काय करू? पारशी डॉक्टरची काळी मोटार आठवते ना? डाव्या दाराला असेच फोड आले होते. मी कारखान्यात सगळ्यांसमोर म्हणालो होतो की तू उतावळा आहेस, एक हात सुकायच्या आत दुसरा मारतोस. तू रागानं ब्रश टाकून गेलास. आता तुझ्या गावात, तुझ्या ब्रशाखाली तेच झालं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दसरा गाठायचा होता ना?

असो. फोड म्हणजे रंगाखाली काहीतरी कोंडलंय आणि उन्हानं ते फुगतंय. काय कोंडलंय ते शोध. पावसाळ्यात रंगवलीस, पत्र्यावर ओल होती का? ओल असेल तर फोड फोडल्यावर आत पाणी लागेल. जुना गंज नीट न खरवडता वर रंगाखालचं अस्तर लावलं असशील तर आत तांबडी भुकटी निघेल. रंग जाड चोपडला असशील किंवा खालचा हात ओला असेल तर आत रंगच चिकट लागेल. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर लावलास तरी फुगतो, वरची साय आधी धरते आणि आतली वाफ कोंडते. पुढच्याच बाजूला म्हणतोस तर इंजिनाची गरमीही धर. सुई घे, एकेक फोड फोड, आणि आत काय ते मला लिही. अंदाज पाठवू नकोस.

मग सगळं खरवडून पत्रा उघडा कर. अस्तराआधी डोळे मिटून पत्र्यावर तळहात फिरव, मी फिरवतो तसा. डोळ्याला जे दिसत नाही ते तळहाताला कळतं. हा धडा मी तुला पहिल्या दिवशी दिला होता.

टर्पेंटाइननं माझे हात बाराही महिने फुटतात, म्हणून एरंडेल चोळतो. कागदाला डाग लागलाय, चालवून घे.

तुझा मामा
भाईदास


शहादे
ता. ५ नोव्हेंबर १९३७

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. डागासकट. माझी आई म्हणाली, तेलाचा वास आला, भाऊच आहे हा.

दिवाळीत लोक फराळ करत होते आणि मी लोणखेड्याच्या रिकाम्या गोठ्यात सुई घेऊन बसलो होतो. मोटार तिथंच ठेवतात. बेचाळीस फोड फोडले. आत पाणी नाही. गंज नाही. रंग चिकट नाही. आत चकचकीत पत्रा, आणि वरची कातडी अस्तरासकट कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून येते. जणू अस्तरानं पत्र्याला धरलंच नव्हतं.

आता एक कबुली. तुम्ही नेम धरून मारलंत. दसऱ्यासाठी मी शेवटचे दोन हात एका दिवसाच्या अंतरानं दिले होते. पण मामा, ते सगळ्या गाडीवर तसेच दिले होते. माझ्या घाईनं फोड आले असते तर ते मागच्या दारालाही यायला हवे होते. मागचं दार आरशासारखं आहे.

तरी तुमचं ऐकतो. बॉनेट आणि मडगार्डं काचकागदानं घासून उघडी केली. गोठ्यात, सावलीत. कोरड्या फडक्यानं पुसली, तळहात फिरवला, काही लागलं नाही. अस्तर दिलं आणि आता हात बांधून बसलोय. मोतीलालभाईंच्या पत्नी मीनाबाई रोज चहा आणून देतात. बोलत काहीच नाहीत. दारात उभ्या राहून गाडीकडं बघतात आणि जातात. मला वाटतं त्यांचाही माझ्यावरचा भरवसा उडाला.

आपला
सुकलाल


सुरत
ता. ११ नोव्हेंबर १९३७

चि. सुकलाल,

कबुली दिलीस, बरं वाटलं. मागच्या दाराचं म्हणतोस ते दारालाच ठाऊक. पुढं गरमी आहे, तिथं घाई आधी उघडी पडली, एवढंच. आता अस्तर आठ दिवस सुकू दे. रंगाचा प्रत्येक हात पातळ, आणि मध्ये चार चार दिवस. कुणी मालक येऊन घाई करायला लागला तर त्याला माझ्याकडं पाठव.

एवढं करून फोड परत आले तर मात्र बाबा, हट्ट सोड. प्रत्येकाचा हात मोटारीचा नसतो. इथं घरांच्या रंगकामाला माणसं लागतात, मी शब्द टाकीन.

भाईदास


शहादे
ता. २७ नोव्हेंबर १९३७

ती. मामांस नमस्कार.

परत आले.

तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं, एक दिवस इकडचा तिकडं नाही. वीस तारखेला शेवटचा हात दिला. काल गाडी दुपारभर उन्हात उभी केली आणि संध्याकाळी बघतो तो तिथंच, त्याच जागी, तेवढेच. दारात मीनाबाई होत्या. त्यांनी बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मोतीलालभाई या खेपेला रागावलेही नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे भाऊ. यात्रा झायी की धुळे लई जासू." यात्रेला वीस दिवस आहेत. फोडांची गाडी यात्रेत उभी राहणार आणि कुणी केली म्हणून लोक विचारणार.

मामा, तुम्ही जिंकलात. यात्रा झाली की सुरतेला येतो. भिंती रंगवीन. घरी आईला अजून सांगितलं नाही. ब्रश धुऊन बांधून ठेवलेत, आणि ते बांधताना मी रडलो, हेही लिहून टाकतो.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. डाव्या मडगार्डवर फोड सैरावैरा नाहीत. चार ओळी आहेत, एकीशेजारी एक, वाकलेल्या, कुणी ओटा सारवावा तशा. उजवीकडंही तशाच. बॉनेटच्या दोन्ही खांद्यांवरही. गंज असा ओळीनं चालतो का? गरमी चालते का?

सुकलाल


सुरत
ता. ३० नोव्हेंबर १९३७

चि. सुकलाल,

ब्रश सोड. बांधलेले आधी सोड, मग पुढचं वाच.

चार ओळी, वाकलेल्या. अरे, माणसाच्या हाताला किती बोटं टेकतात? गंज बोटं उमटवत नाही, गरमी उमटवत नाही आणि तुझी घाईही उमटवत नाही. तू अस्तर लावायच्या आधी त्या पत्र्याला कुणीतरी हात लावलाय, आणि त्या हाताला स्निग्ध काहीतरी होतं. तेल, तूप, चरबी. रंग पाण्याला एखादे वेळी माफ करील, तेलातुपाला करत नाही. अस्तर वर तरंगतं, धरत नाही. ऊन लागलं की सुटतं. कांद्याचा पापुद्रा तू लिहिला होतास तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी तुझी घाई हुडकत बसलो.

आणि तू काचकागदानं घासलंस तेव्हा ते तेलतूप निघालं नाही, तिथल्या तिथं आणखी आत मुरलं. घासायच्या आधी टर्पेंटाइननं का पुसलं नाहीस, हे मी विचारणार नाही, कारण ते मी सांगायला हवं होतं.

त्या घरात विचार. भाद्रपदाच्या आधी गाडीला काय लावलं होतं. बायकांना विचार, आणि आवाज चढवू नकोस. घरात गाडी नवी असली की माणसं तिच्याशी काय काय करतात ते तुला मला सुचणार नाही.

डॉक्टरच्या दारालाही फोड होते ते कसे होते, आठवतं का तुला? मला नीट आठवत नाही. जाऊ दे.

भाईदास


शहादे
ता. ५ डिसेंबर १९३७

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र हातात घेऊन तसाच लोणखेड्याला गेलो. मोतीलालभाई ओट्यावर होते, मीनाबाई कापूस निवडत होत्या. वाटेत ठरवलं होतं की गोडीनं विचारायचं. पण विचारायची वेळच आली नाही. मी म्हटलं, रंगाआधी गाडीला कुणाचा तरी हात लागलाय. तेवढ्यावर मीनाबाईंच्या हातातला कापूस खाली पडला.

म्हणाल्या, "भाऊ, तुन्हं काम वाईट नही शे. मन्हा हातनं शे ते."

मामा, तुम्ही आपल्याकडचा पोळा विसरला नसाल. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून दुखलेले खांदे घरची बाई हळद-लोण्यानं चोळते. मीनाबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं त्यांनी ते कधी चुकवलं नाही. यंदा चांद्या आणि परधान ही बैलजोडी विकलेली. गोठ्यात बैलांच्या जागी मोटार. त्या संध्याकाळी त्यांनी सवयीनं लोणी काढलं, हळद कालवली, आणि वाटी घेऊन गोठ्यात गेल्यावर त्यांना आठवलं की मळायला खांदेच नाहीत.

"मंग गाडीनाच खांदा मळात," म्हणाल्या. "ती बी तं वढस. तिले कोन इचारी?"

बॉनेटचे दोन खांदे आणि पुढची दोन मडगार्डं. चांगलं जिरेस्तोवर चोळलं, जसं बैलाला चोळतात. नवरा हसेल म्हणून पहाटे उठून पदरानं पिवळं पुसून टाकलं. पिवळं गेलं, लोणी राहिलं. त्या भागाचा जुना रंग उन्हानं आधीच उडून पत्रा उघडा पडला होता, त्यानं ते पिऊन घेतलं. वर मी शहाणा, टर्पेंटाइनची बाटली रंग पातळ करण्यातच संपवली आणि पत्रा कोरड्या फडक्यानं पुसला. तीच माझी चूक, आणि ती मी त्या दोघांसमोर सांगितली.

मीनाबाईंना कळत होतं, मामा. पहिले फोड आले त्याच दिवशी त्यांनी आपल्या बोटांच्या ओळी ओळखल्या होत्या. रोज चहा घेऊन यायच्या त्या सांगायलाच, आणि दारातून परत जायच्या. आणि मी समजत होतो की त्यांचा माझ्यावरचा भरवसा उडाला.

मला वाटलं आता मोतीलालभाई हसतील, किंवा ओरडतील. ते उठून गोठ्यात गेले. आम्ही मागं गेलो तर खुंटीवर जू टांगलं होतं त्याच्याखाली उभे. बायकोकडं न बघता म्हणाले, "माले सांगती तं मी बी हात लावता." मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. जोडी विकल्यापासून हा माणूस त्या गोठ्यात गाडी काढण्यापुरताच जात होता, हे मला मीनाबाईंनी नंतर सांगितलं.

आता कामाचं. सगळं पुन्हा उघडं केलं, पण आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं तीनदा धुतलं, मग टर्पेंटाइन, दर खेपेला नवं फडकं. पत्र्यावर पाणी ओतून बघितलं. लोणी होतं तिथं पाण्याचे मणी उभे राहायचे, अळवाच्या पानावर राहतात तसे. परत धुतलं. चौथ्या दिवशी पाणी सरळ पसरलं, एक मणी नाही, तेव्हाच अस्तराला हात घातला. मीनाबाई कळशीनं पाणी आणून देत होत्या. आता बोलतात, आणि फार बोलतात.

मोतीलालभाईंना विचारून त्या जुवाचा वीतभर तुकडा कापला आणि गाडीच्या पुढच्या जाळीखाली स्क्रूनं बसवला. सागाचा आहे. त्याला रंग दिला नाही, देणारही नाही. मीनाबाईंना सांगितलं, पुढच्या पोळ्याला लोणी हवं तेवढं, पण इथं. गाडीचा खांदा हा. त्यांनी त्यावर लगेच हात फिरवून बघितला. जुवाचा गुळगुळीतपणा त्यांच्या ओळखीचा आहे.

रंगाचे हात द्यायचे आहेत. दिवस थोडे, पण अंतर मोडणार नाही. दोन दिवस कमी पडले तर रंगाचा एक हात कमी देईन, घाई करणार नाही. मोतीलालभाई धुळ्याचं नाव काढत नाहीत. तरी खरं काय ते ऊन ठरवील. मामा, दत्तजयंतीला या ना. गाडीवर डोळे मिटून तळहात फिरवा आणि पास की नापास ते तुम्ही सांगा. तुमच्याशिवाय मला ते कुणी सांगितलेलं पटणार नाही.

आपला
सुकलाल


सुरत
ता. १० डिसेंबर १९३७

चि. सुकलाल,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग कारखान्यात एक उघडा पत्रा घेतला, नेहमीसारखा डोळे मिटून त्यावर तळहात फिरवला आणि तुझ्यासारखं वरून पाणी ओतलं. सगळीकडं पाणी पसरलं. मधोमध मण्यांचा एक पंजा उभा राहिला. पाच बोटं, तळवा, अंगठ्याजवळची जुनी खोक, सगळं दिसत होतं.

डॉक्टरचं दार माघ महिन्यात रंगवलं होतं. थंडी, हात फुटलेले, एरंडेल चोळलेलं. अस्तराआधी दारावर हात फिरवला तो मी, आणि एरवी त्यानंतर फिरवतो तो टर्पेंटाइनचा बोळा त्या दिवशी राहून गेला. फोड डाव्या दाराच्या मधोमध होते, पसरलेल्या पंजासारखे. मला तेव्हाही ते दिसलं होतं. दिसूनही बघितलं नाही, कारण समोर तू होतास आणि तुझ्यावर ढकलणं सोपं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, आणि चोर मीच. अडीच वर्षं तू माझ्यामुळं चाकं रंगवत बसलास. वर मी तुला भिंती रंगवायला बोलावत होतो.

त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून काल सगळ्यांसमोरच सांगितलं. तो ओला पत्रा मध्ये ठेवला आणि म्हटलं, बघा, सुकलालची घाई. जुनी माणसं वाकून बघायला लागली. कुणीतरी विचारलं, मग तो पोरगा कुठं आहे आता. मी म्हटलं, शहाद्यात मोटारी रंगवतो, आपण करतो त्याहून चांगल्या. हे तुझी गाडी न बघताच बोललो, पण चार दिवस पाणी ओतत बसणाऱ्याची गाडी मला बघायची गरज नाही. तू मोटारींचा रंगारी आहेस. हे मी फार आधी म्हणायला हवं होतं. मला माफ कर.

मीनाबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, तुमच्या चुकीनं माझी चूक धुऊन निघाली, आणि तुमच्यात सांगायची हिंमत माझ्याहून लवकर आली.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी सुरतेहून दोंडाईच्याला उतरतो, तिथून बैलगाडी, मग होडीनं तापी ओलांडून सारंगखेड्याला. होडीजवळ मोतीलालभाईंची मोटार उभी कर, म्हणजे बसायलाही मिळेल आणि बघायलाही. माझ्या बहिणीला सांग, भाऊ येतोय, भांडायला नाही.

गाडीवर हात फिरवा म्हणतोस. फिरवीन. एरंडेल दोन दिवसांपासून बंद केलंय, पण चाळीस वर्षांचं मुरलेलं आहे, भरवसा नको. घाटावर एक बादली पाणी तयार ठेव. साबण मी घरून आणतोय.

तुझा मामा
भाईदास